पत्रिकेचं पॅकिंग

माझ्या जीपच्या हाऊसिंगमधून एकोणीस वर्षांत तेलाचा एक थेंब गळला नाही. हे मी हर्सूल नाक्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवलंय, काहींना तर दोन-दोनदा. हाऊसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो लोखंडी गोळा. त्याच्या पोटात दात्यांची चाकं तेलात बुडून फिरतात आणि गाडीला पुढं ढकलतात. त्या गोळ्याला मागून दहा बोल्टांचं कव्हर असतं, आणि गोळा नि कव्हर यांच्यामध्ये कागदाची एक गोल पट्टी. तिला पॅकिंग म्हणायचं. ती नीट कापता आली नाही तर तेल गळतं, आणि तेल गळालं की आतले दाते एकमेकांना खातात. दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं जमिनीवर काळे डाग पडायचे. माझ्या गाडीखाली आमच्या घरच्यांनी रांगोळी काढली असती तरी ती पुसली नसती.

आता त्या फुशारकीची मला लाज वाटते. पण सांगायला बसलोय तर ती गाळून कसं चालेल?

मी बद्रीनाथ. हर्सूल ते फुलंब्री काळी-पिवळी चालवली, सव्वीस वर्षं. गाडीला दुसऱ्याचा हात लावू दिला नाही. काम शिकलो छावणीतल्या कय्युम मिस्त्रीकडून, आणि शिकल्यावर घरापुढच्या निंबाखाली स्वतःच करू लागलो. जोडीला माझी लेक असायची, सरू. मला दादा म्हणायची. माझ्या आईचं नाव सरूबाई, तेच हिला ठेवलं. आम्हाला एवढंच एक लेकरू. कॉलेजात जायला लागली तरी रविवारी ओढणी कमरेला खोचून गाडीखाली यायची. मी नुसता हात पुढं केला की त्यात बरोबर नंबराचा पाना पडायचा. चतुरा, म्हणजे माझी बायको, ओट्यावरून ओरडायची, “पोरीच्या नखात काळं जाऊन बसलंय, कोण करून घेईल हिला?” आणि सरू खालून म्हणायची, “ज्याची गाडी गळत असंल तो.”

हाऊसिंगचं तेल बदलायचं तर एक नियम मी तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता. हाऊसिंगला दोन नट असतात, वरचा भरायचा आणि खालचा सोडायचा. आधी वरचा सोडून बघायचा. अडाणी माणूस खालचा आधी सोडतो, सगळं तेल सांडून मोकळा होतो, आणि मग कळतं की वरचा गंजून बसलाय. आता भरणार कुठून? रिकामं करायच्या आधी भरायची वाट मोकळी आहे का ते बघावं. हे मी सरूकडून पाठ करून घेतलं होतं. स्वतः मात्र गाडीपुरतंच शिकलो.

दुसरी गोष्ट पॅकिंगची. बाजारात तयार मिळायचं, पण कय्युमची रीत वेगळी होती आणि तीच आम्ही उचलली. तो लग्नाच्या पत्रिकेचं पॅकिंग कापायचा. लाईनीवरच्या ड्रायव्हरला पत्रिकांना काय तोटा? रोजच्या पॅसेंजरच्या घरी कार्य निघालं की पत्रिका आलीच. कागद जाड, गुळगुळीत, आणि उघडला की कव्हर झाकून वर उरेल एवढा. पण त्याला शिस्त होती. गणपतीचं पान आधी फाडून देव्हाऱ्यात ठेवायचं. मुसलमानाच्या घरची पत्रिका असली तर वरचा अल्लाच्या नावाचा भाग कय्युमकडं पोचवायचा. मग कव्हराला ग्रीस चोळायचं, त्यावर पत्रिका ठेवायची, आणि ठेवायची ती नावं खाली, कोरी बाजू वर. नवरा-नवरीच्या नावावर हातोडी मारू नये, असं कय्युमचा बाप सांगून गेला होता. मग गोल तोंडाच्या हातोडीनं काठाकाठानं हळूहळू ठोकत जायचं, म्हणजे लोखंडाच्या कडेवर कागद आपोआप कापला जातो. खुणा करायच्या त्या शिसपेन्सिलीनं, कारण शाई तेलात विरघळते. हेही सरूला मीच शिकवलं.

नव्याण्णव साली सरूनं सांगितलं की तिला लासूर स्टेशनच्या फकिराशी लग्न करायचंय. कॉलेजात ओळख झालेली. मुलगा मोंढ्यात मापाडी, निर्व्यसनी, घरी दोन एकर. जात आमची नव्हती. बाकी कुठं बोट ठेवायला जागा नव्हती, पण मला तेवढी पुरली. मी काय काय बोललो ते इथं सांगत नाही. शेवटी म्हणालो, “करायचं तर कर, पण या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नको.” ती रडली नाही. माझाच स्वभाव तिच्यात उतरलेला. दुसऱ्या दिवशी दोन साड्या पिशवीत घालून गेली आणि सावंगीला फकिराच्या बहिणीकडं राहिली. सावंगी म्हणजे माझ्याच लाईनीवरचं गाव. दिवसातून सहा वेळा मी त्या फाट्यावरून जायचो.

पंधरा दिवसांनी कय्युम पाकीट घेऊन आला. मी निंबाखाली गाडीचं कव्हर उघडून बसलो होतो. ते दर दोन वर्षांनी उघडायचा माझा नेम होता आणि सरूला तो माहीत होता. पाकीट चतुरानं घेतलं, उघडलं, मागून-पुढून पाहिलं, आणि माझ्या पुढ्यात ठेवून आत निघून गेली.

“बेटीने भेजा है,” कय्युम म्हणाला. “बद्री, लग्नाला जाऊ नको जायचं नसलं तर. पण कार्ड तरी बघ.”

मी बघितलं. वरच्या काठाशी तिचं नाव, त्याच्याखाली त्याचं. कागद चांगला जाड होता. डोक्यात काय शिरलं देव जाणे. मी गणपतीचं पान फाडून बाजूला ठेवलं. देवाचा मान राखला. मग राहिलेली पत्रिका कव्हरावर ठेवली आणि मुद्दाम नावं वर करून ठेवली. जी रीत मीच पोरीला शिकवली होती ती मीच मोडली, कारण मला त्या नावांवर हातोडी मारायची होती. कय्युम “अरे, अरे” म्हणत राहिला. मी ठोकत राहिलो. कापून झाल्यावर पट्टी उचललीही नाही. ग्रीसवर बसलेली तशीच राहू दिली, पंचानं बोल्टांची दहा भोकं पाडली आणि कव्हर गोळ्यावर चढवून आवळून टाकलं. मधला कागद चुलीत गेला. रागाच्या भरात शेलाक लावायचंही राहिलं. शेलाक म्हणजे पॅकिंग चिकटवायची लाख, तिच्याशिवाय कुणी कव्हर बसवत नाही.

कय्युम जाताना म्हणाला, “हे मी तिला सांगणार नाही.”

“सांग,” मी म्हणालो. “सांगच. म्हणावं, तुझी पत्रिका बापाच्या कामी आली.”

लग्न अकरा मेला होतं. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी फुलंब्रीकडं निघालो होतो, गाडीत तेरा पॅसेंजर. सावंगी फाट्यावर सरू उभी होती. एकटी. अंगावर हळदीची साडी, हाताला हळद, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. मला लांबूनच दिसली. माझा पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून उचलला गेला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गाडी हळू झाली. ती माझ्याकडंच बघत होती. मी तिच्या हाताकडं बघत होतो. काळी-पिवळीचा कायदा साधा आहे. ज्यानं हात केला त्याच्यासाठी गाडी थांबते. हात केला नाही तर तो दुसऱ्या कुणाची वाट बघतोय असं समजून पुढं जायचं. सरूनं हात केला नाही. बोटसुद्धा हललं नाही. मला वाटलं, काय हा ताठा! बापाच्या रस्त्यावर येऊन उभी राहते आणि हात करत नाही. मी गाडी दाबली.

आरशात ती बराच वेळ दिसत होती. मग वळण आलं.

संध्याकाळी घरी येऊन मी चतुराला सांगितलं, “फाट्यावर उभी होती तुझी लेक. हात केला असता तर थांबलो असतो.” हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा म्हटलं असेल! दिवाळीला, पंचमीला, तिला मूलबाळ होत नाही असं कानावर आलं तेव्हा. कुणी विषय काढला की माझं ठरलेलं, “हात केला असता तर थांबलो असतो.” चतुरा कधी उत्तर द्यायची नाही. ती दोन-तीन महिन्यांनी माहेरच्या नावाखाली लासूरला जाऊन लेकीला भेटून यायची. मला कळायचं. तिकडून येताना तिच्या पिशवीत सरूच्या हातचं लिंबाचं लोणचं असायचं, आणि मी ते कुणी दिलं हे न विचारता खायचो. एवढंच आमचं येणं-जाणं.

हाऊसिंगचं तेल मी वर्षाला बदलत राहिलो, खालच्या नटातून सोडून, वरच्यातून भरून. कव्हर मात्र पुन्हा उघडलं नाही. लोकांना म्हणायचो, गळतच नाही तर उघडायचं कशाला? खरं कारण ते नव्हतं. आत तिचं नाव होतं आणि ते बघायची माझी छाती नव्हती. पुढं गाडीचं परमिट संपलं, लाईन बंद झाली, जीप निंबाखालीच उभी राहिली. मोडीत घालायला मन होईना. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचो आणि शेजारच्यांच्या शिव्या खायचो.

यंदा माघात सरू गेली. कावीळ झाली, आठ दिवस अंगावर काढली, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. एकेचाळीस वर्षांची होती. फोन कय्युमला आला आणि तो गाडी घेऊनच दारात आला. चतुरा आहे त्या लुगड्यावर निघाली. कय्युम माझ्याकडं बघत उभा राहिला. मी खाटेवर बसून होतो. कोणत्या तोंडानं जाऊ, असं मनात म्हणत होतो. पण ते मला नंतर सुचलेलं कारण आहे. त्या घटकेला मी फक्त उठलो नाही. माझी लेक लासूरला जळाली आणि मी इथं खाटेवर बसून होतो.

चतुरा तेरावा करून परतली. तिसऱ्या दिवशी मी ताटावर बसलो असताना, माझ्या तोंडून सवयीनं तेच निघालं. का निघालं मला सांगता येणार नाही. जीभच तशी वळलेली.

“हात केला असता तर...”

तिनं हातातली भाकरी परातीत टाकली. “पोरीनं एवढं लिहून कळवलं होतं. तरी तुम्हाला दया आली नाय. आता मेलेल्या लेकीला तरी बोल लावू नका.”

“काय लिहून?”

“आता मला विचारताय? त्या पत्रिकेच्या मागं. कोऱ्या बाजूला. शिसपेन्सिलीनं गोल गोल लिहिलं होतं, ताटाच्या काठाला नक्षी असती तसं.”

मी घास खाली ठेवला. “मी मागची बाजू बघितलीच नाही.”

चतुरा माझ्याकडं बघत राहिली. आमच्या घरात मी नेहमी चेष्टा करायचो, नावाची चतुरा आणि अक्षर एक येत नाही. तिला कधी वाचता आलं नाही. तिनं पाकीट उघडलं तेव्हा ते लिहिलेलं पाहिलं, आणि वाचणारा वाचेल म्हणून माझ्या पुढ्यात ठेवून आत गेली. मी ते वाचलं, वाचूनही त्यावर हातोडी मारली, असंच ती एकोणीस वर्षं धरून चालली होती. आणि तरी मला दोन वेळा भाकरी करून घालत होती.

“तू सरूला विचारलं नाहीस, काय लिहिलं होतं?”

“इचारलं. म्हणली, दादांनी वाचलं ना आई, मग जाऊ दे.”

मी ताट तसंच पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपच्या चाकांना दगड लावले. मागची बाजू जॅकवर उचलून ओंडक्यावर टेकवली. शेजारच्या पुंजारामनं कुंपणावरून विचारलं, “काय, विकायची काय गाडी?” मी म्हणालो, तेल बदलतोय. खोटं नव्हतं. कय्युमला निरोप धाडला होता, तो दहाच्या सुमाराला आला.

मी आधी वरचा नट सोडला. मग खालचा. तेल काळं, जड, कुजलेल्या अंड्याच्या वासाचं. डब्यात पडायला पाव तास लागला. तेवढ्या वेळात कय्युमनं एक गोष्ट सांगितली, जी त्यानंही इतकी वर्षं पोटात ठेवली होती.

“कार्ड द्यायला आली ना सरू, तवा माझ्या दुकानात तासभर बसली. म्हणली चाचा, याच जीपचं एखादं सुटं कव्हर द्या. मी दिलं. कोपऱ्यात बसून त्याच्यावर कार्ड ठेवून पेन्सिलनं काय तरी करत होती. मला वाटलं, तुझ्यासाठी पॅकिंगच आखून देतेय. बाप-बेटी का मामला, मी बघितलं नाय.”

तेव्हा मला उलगडलं. पोरीला बाप पुरता माहीत होता. तिला ठाऊक होतं की मी पत्रिका वाचणार नाही. रागाच्या भरात तिचं पॅकिंग कापेन हेही ठाऊक होतं. कापल्यावर मधला कागद जातो आणि काठाची पट्टी राहते, म्हणून तिनं काठावर लिहिलं. आणि मी नावं खाली, कोरी बाजू वर ठेवणार याची तिला खात्री होती, कारण ती शिस्त मी एकदाही मोडलेली तिनं पाहिली नव्हती. हातोडी मारताना डोळ्यांपुढं तिचंच अक्षर येणार होतं. न वाचून जाणार कुठं? सगळं तिनं बरोबर धरलं होतं. फक्त बाप एवढा नीच होईल हे तिला सुचलं नाही.

बोल्ट सोडले. वरचे दोन अर्धे ठेवले, म्हणजे कव्हर एकदम खाली पडू नये. आता खरी कसोटी होती. पॅकिंग कधी धड निघत नाही. अर्धं कव्हराला चिकटतं, अर्धं गोळ्याला, आणि खरवडून काढावं लागतं. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला तसा कय्युम म्हणाला, “उससे नको. फटंगा.” आम्ही दोघं इकडंतिकडं बघायला लागलो. चतुरा ओट्यावरून उठली, घरात गेली आणि आपलं उलथणं घेऊन आली. भाकरीचं, पातळ पात्याचं, घासून घासून धार आलेलं. मी ते फटीत सरकवलं. एक-एक बोटाएवढं पुढं गेलो. पट्टी गोळ्यावरून सुटली आणि कव्हराबरोबर आली. मग कव्हरावरून सोडवायला अर्धा तास लागला. मी शेलाक विसरलो होतो म्हणून ती निघाली. त्या दिवशी माझ्या हातून तेवढी एकच चांगली चूक झाली होती.

चतुरानं देव्हाऱ्यातलं स्वच्छ फडकं आणलं. मी पट्टी पालथी करून त्यावर ठेवली. कागद तेल पिऊन तपकिरी झालेला, पण पेन्सिल होती तशी होती. बोल्टांच्या जागा तिनं मोकळ्या सोडल्या होत्या. मी पत्रिका उलटी आणि जरा तिरकी ठेवल्यामुळं एका ठिकाणी तेवढं भोक अक्षरात गेलं होतं. बाकी सगळं धड होतं. सरूचं अक्षर, गोल, टपोरं. मी पट्टी फिरवत फिरवत वाचलं.

वाचून झाल्यावर मी पट्टी फिरवून परत पहिल्या अक्षरावर आणली.

“काय लिहिलंय?” चतुरानं विचारलं.

मी माझा स्वभाव सांगतो. त्या क्षणीही माझ्या मनात आलं, की हिला कुठं वाचता येतं? कय्युमचा चष्मा घरी राहिलाय. म्हणावं, काही नाही, मापं लिहिलीत बोल्टांची. म्हणजे उरलेलं आयुष्य निदान तिच्यापुढं मान वर करून काढता येईल. ओठापर्यंत आलं होतं. पण ती समोर बसून होती आणि हातात ते उलथणं होतं, ज्यानं तिनं मला पन्नास वर्षं भाकरी वाढली. मी वाचलं.

“दादा, अकरा तारखेला सकाळी आठला सावंगी फाट्यावर उभी राहते. लग्नाला येऊ नका. गाडी तेवढी थांबवा. उतरू नका, बोलू नका. मी हात करणार नाही. तुम्ही आपणहून थांबलेलं मला बघायचंय.”

आणि शेवटी नाव. त्यातला ‘स’ तेवढा राहिला होता. ‘रू’ बोल्टाच्या भोकात गेला होता.

कय्युम उठून कुंपणाकडं तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. चतुराच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं फक्त विचारलं, “हात करणार नाय, असं लिहिलंय?”

“व्हय.”

“आणि तुम्ही तिच्या हाताकडं बघत होता.”

“व्हय.”

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. चौथ्यांदा मला वाचवेना आणि मी लहान पोरासारखा रडायला लागलो. त्या दिवशी तिनं काय समजून फाटा सोडला असेल? बापानं वाचलं, गाडी हळू केली, तोंड पाहिलं, आणि गेला. हे घेऊन ती बोहल्यावर चढली. हे घेऊन एकोणीस वर्षं मला लिंबाचं लोणचं पाठवत राहिली. मी मेल्यावर तिथं जरी भेटली तरी मला तिला सांगता येणार नाही की मी वाचलंच नव्हतं. कारण न वाचण्याचं कारण त्याहून वाईट आहे.

मी रडत असताना चतुरानं पट्टी माझ्या हातातून घेतली आणि तिच्यावर बोट फिरवत, अक्षर न ओळखता, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. मग ती पट्टी तिनं फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली. तिथं त्या पत्रिकेचं गणपतीचं पान तिनं अजून जपून ठेवलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी उघडी टाकून चालणार नव्हतं. कय्युमनं आतले दाते रॉकेलनं धुतले, एकही झिजलेला नव्हता. मी कव्हराची कड घासून चकचकीत केली. कपाटात पत्रिका पडलेल्या होत्या, पण त्यांना हात लावायचं माझं धाडस नव्हतं. कय्युमनं खिशातून सिलिकॉनची ट्यूब काढली. “आता सगळे हेच लावतात,” तो म्हणाला. मी कव्हराच्या कडेनं बारीक धार सोडली, प्रत्येक बोल्टाच्या आतल्या अंगानं वळवत. कव्हर टेकवलं, बोल्ट समोरासमोरचे धरून हळूहळू आवळले, आणि ते सुकायला रात्र जाऊ दिली. सकाळी उजाडताच वरच्या नटातून नव्वद नंबरचं तेल भरलं, ते भोकाच्या ओठापाशी येईपर्यंत. पुसून नट लावला.

कुठं जायचं ते चतुराला सांगावं लागलं नाही. ती इरकली लुगडं नेसून पुढच्या सीटवर येऊन बसली. सावंगी फाट्यावर पोचलो तेव्हा आठला पाच मिनिटं कमी होती. सरू उभी होती त्या जागी आता टपरी झालीय. मी गाडी टपरीपुढं घेतली आणि थांबवली. उतरलो नाही, बोललो नाही. इंजिन चालू होतं.

गाडीचा रंग अजून काळा-पिवळाच. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई लगबगीनं माझ्या खिडकीशी आली.

“फुलंब्रीला जाती का, दादा?”

दादा म्हटल्यावर मी मान दुसरीकडं वळवली. चतुरा माझ्या अंगावरून वाकून तिला म्हणाली, “नाय, बाई. आम्ही लेकीसाठी थांबलोय.”

बाई बाजूला झाली आणि दुसऱ्या गाडीला हात करायला लागली. मी इंजिन बंद केलं.